चिल्लरीचा भाव

फोंडा, गोवा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, चलन संख्यामान सिद्धांत म्हणजे नुसती घोकंपट्टी." अगो, बाजारात पैसा वाढला की वस्तूंचे भाव चढतात, पैसा घटला की उतरतात, एवढंच तर तो सांगतो. तीस वर्षं कॅशियरच्या पिंजऱ्यात बसून मी तो डोळ्यांनी पाहिलाय. चिल्लरटंचाईच्या दिवसांत बाजारातले दुकानदार शंभराच्या नाण्यांना एकशेदहा मोजायचे. तू लहान होतीस, विचारायचीस, शंभराचे एकशेदहा कसे?

ह्याच प्रश्नावर एका पाद्र्याने १५५६ साली पुस्तक लिहिलंय. मार्तीन दे अझ्पिल्कुएता, जन्म १४९२, आजच्या स्पेनमधल्या नवारा राज्यातला. स्पेनच्याच सालामांका विद्यापीठात चर्चचा कायदा शिकवायचा. त्या काळी व्यापारी कुमसाराला, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली द्यायला, येऊन विचारत, नाणी बदलून देताना वर चार पैसे घेतले, पाप लागलं का? पाद्र्यांची पंचाईत व्हायची. त्यांच्यासाठी त्याने नाणेबदलीचे एकेक प्रकार घेऊन निवाडा दिला. त्यात मोठं नाणं मोडून सुट्टे देणंही आहे बरं का! कष्टाचा वाजवी मोबदला घ्यायला हरकत नाही, म्हणाला.

आणि जाता जाता पुढचं सांगून गेला. पैसा हीही वस्तूच. दुर्मीळ असेल तिथे त्याला मोल जास्त, मुबलक तिथे कमी. अमेरिकेतलं सोनं-रुपं येण्याआधी स्पेनात माल आणि मजुरी कितीतरी स्वस्त होती. फ्रान्समध्ये पैसा कमी, म्हणून तिथे भाकरी, दारू, कापड, माणसाचे हात, सगळंच स्वस्त. फ्रान्समधल्या तूलूझ आणि काओरला त्याने शिकवलं होतं, तेव्हा हे ऐकीव नव्हे.

पाठ्यपुस्तकं ह्या सिद्धांताचं श्रेय देतात फ्रान्सच्या जाँ बोदँला. त्याचं लिखाण १५६८चं. बारा वर्षं उशिराचं! परीक्षेत मात्र बोदँच लिही, मार्क जायला नकोत.

आणखी एक. आपल्या जुन्या गोव्यातला गोंयचो सायब, फ्रान्सिस झेवियर, त्याची आई ह्याच अझ्पिल्कुएता घराण्यातली.

सत्तरी उलटल्यावर हा गृहस्थ रोमला गेला, इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, धरलेल्या स्पेनमधल्या तोलेदोच्या आर्चबिशपचं वकीलपत्र घेऊन. १५८६ साली तिथेच वारला. सांगतात, तो खेचरावरून निघाला आणि वाटेत भिकारी दिसला की खेचर आपणहून थांबायचं, इतकी त्याला सवय झालेली.

हे वाचलं आणि चिल्लरीच्या पिशव्या आठवल्या. दुकानदार एकशेदहा मोजायचे ते बरेचदा देवळापुढच्या भिकाऱ्यांनाच.

तुझा
बाबा