मसाल्याच्या पिशवीतली टॉफी

शेफील्ड, १२ जानेवारी

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. "तिकडे राहून इंग्रजी तरी सुधारलं का?" असं विचारलंस. बाई, होतं तेही बिघडलं.

आमच्या वृद्धाश्रमात पंचाऐंशीचे एक आजोबा आहेत, पोलादाच्या कारखान्यात जन्म काढलेले. माझ्या पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "आय्‌म स्टार्व्ह्ड, लव्ह." मी धावत जाऊन टोस्ट, लोणी, मुरंबा घेऊन आले. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावरून घसरलेल्या शालीकडे बोट दाखवलं. थंडी वाजत होती गं त्यांना! टोस्ट मात्र खाल्ला.

घरी येऊन शोधलं. 'स्टार्व्ह'चा जुना अर्थ नुसता 'मरणे'. जर्मन 'श्टेर्बेन' म्हणजे आजही मरणंच. बाकीच्यांनी ते मरण भुकेवर घातलं, या इंग्लंडच्या उत्तरेकडच्यांनी थंडीवरही.

परवा त्यांचा पणतू आला, तर त्याला विचारतात, "स्पाइस हवा का?" माझ्या डोळ्यांपुढे आपला मिसळणाचा डबा, हळद-तिखट-मोहरी. उशाखालून निघाली कागदाची पिशवी, आत टॉफ्या! इकडे गोळ्या-चॉकलेटला स्पाइस म्हणतात. मी स्वेटरवर स्वेटर चढवते म्हणून मला 'नेश' म्हणतात, म्हणजे थंडीला हळवी. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मऊ.

असले शब्द जोसेफ राइटने गोळा करून छापले, १८९८ ते १९०५, सहा जाडजूड खंडांत. हा बाबा १८५५ साली ब्रॅडफर्डजवळ जन्मला, पोरवयातच गिरणीत कामाला लागला आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्राध्यापक! खेडवळ म्हणून हिणवलेल्या बोलीचा कोश करायला तिच्यातच वाढलेला माणूस लागला, हे मला फार आवडलं.

आणि शाळेत 'यू म्हणजे तू' असं घोकलं होतं ना आपण? साफ खोटं. 'यू' म्हणजे 'तुम्ही'. इंग्रजांचा खरा 'तू' म्हणजे 'दाऊ', तो त्यांनी टाकला आणि कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करत बसले. इथल्या म्हाताऱ्यांनी तो 'दी', 'दा' असा जपलाय. उच्चार 'डी', 'डा'कडे झुकतो, म्हणून शेजारच्या गावचे लोक शेफील्डकरांना 'डी-डा' म्हणून चिडवतात. पण हा 'तू' कुणालाही लावायचा नाही. घरचे, दोस्त, कारखान्यातले सोबती, बस्स. परक्याने लावला तर म्हातारे फणकारतात.

मला आजोबा वर्षभर 'यू'च म्हणत होते. काल चहाला उशीर झाला, तेव्हा कावले आणि तोंडातून 'दा' निसटलं. मी काही बोलले नाही. बशीत एक बिस्कीट जास्त ठेवलं.

काकूंना नमस्कार. तिळगूळ पाठवलास तर टपालखर्च माझा.

तुझीच,
नली