क्रीडामंत्री महोदय, दहा सेंटिमीटरचा हिशेब

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: नूतनीकरण झालेल्या बास्केटबॉल कोर्टवरील रिंगची उंची, आणि त्यावर मिळालेले उत्तर.

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्यातल्या क्रीडा संकुलाच्या बास्केटबॉल कोर्टचे नूतनीकरण झाले, फीत कापली गेली, फोटो छापून आले. त्याबद्दल आभार. आभार एवढेच. जुने कोर्ट न उखडता त्याच्यावरच चार इंच काँक्रीट ओतले आणि खांबांना हात लावला नाही. जमीन वर आली, रिंग होती तिथेच राहिली. ३.०५ मीटरवर असायला हवी ती रिंग आता २.९५ मीटरवर आहे. शालेय स्पर्धांच्या आधी हे दुरुस्त होईल, असा शब्द उद्घाटनाच्या मंचावरून दिला गेला होता. स्पर्धा झाली. मुले विभागीय फेरीत दोन गुणांनी हरून परत आली. आणि लेखी तक्रारीचे उत्तर आता हाती पडले आहे: फरक किरकोळ आहे, खेळावर परिणाम होत नाही, पुढील अंदाजपत्रकात तरतूद झाल्यास विचार करू.

परिणाम होतो की नाही, हे मोजता येते. मोजून दाखवतो.

मोठ्या मुलांच्या चेंडूचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर, रिंगचा आतला व्यास ४५. वरून सरळ खाली पडणाऱ्या चेंडूला जागा भरपूर दिसते, पण चेंडू सरळ खाली पडत नाही, तिरका येतो. ४५ अंशांत उतरणाऱ्या चेंडूला ती रिंग ४५ नव्हे, जेमतेम ३२ सेंटिमीटरची असते. म्हणजे कडेला न शिवता आत जायचे तर मध्यबिंदूच्या अलीकडे-पलीकडे साडेपाच सेंटिमीटरच मोकळे. ३२ अंशांच्या खाली तर चेंडू कडेला न लागता आत जाणे शक्यच नाही. आता २.९५ च्या रिंगवर वर्षभर हात बसवलेला मुलगा घ्या. त्याचा चेंडू त्या उंचीवर बरोबर मध्यात येतो. तोच फटका ३.०५ च्या रिंगवर टाका: रिंगच्या पातळीला चेंडू मध्याच्या दहा सेंटिमीटर अलीकडेच असतो. सूट साडेपाचची, चूक दहाची. चेंडू पुढच्या कडेवर. त्यातले काही डुचमळून आत पडतात, काही नाही. डोळा थोडे सावरून घेतो, मनगट तितक्या लवकर घेत नाही, आणि घेईपर्यंत सामना संपतो. आंतरराष्ट्रीय नियमांत रिंगच्या उंचीला ६ मिलिमीटरची सूट आहे. आपल्या संकुलात १०० मिलिमीटरला किरकोळ म्हणतात.

बरे, समजा यामुळे नेमबाजी, म्हणजे टाकलेल्या फटक्यांपैकी आत पडणाऱ्यांचे प्रमाण, तीनच टक्क्यांनी घसरली. तीन टक्के म्हणजे काय, हे मंत्रालयात बसून कळणार नाही, म्हणून मांडून देतो. एका सामन्यात संघाचे ६० फटके धरा. तीन टक्के म्हणजे जवळपास दोन बास्केट. काही दोन गुणांचे, काही लांबून टाकलेले तीनाचे, मिळून चार गुण. चुकलेल्या फटक्यांपैकी काहींचा रिबाउंड (रिंगवरून परत उसळलेला चेंडू) आपल्यालाच मिळतो, ते वजा केले तरी साडेतीन उरतात. तोडीस तोड दोन संघांत निकालाचा चढउतार साधारण बारा गुणांचा धरला, तर साडेतीन गुणांची पुंजी असलेल्या संघाची जिंकण्याची शक्यता पन्नासवरून एकसष्ट-बासष्ट टक्क्यांवर जाते. यातही कोणी म्हणेल, दहा-अकरा टक्क्यांनी काय होते! साहेब, आपल्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. ओळीने चार सामने जिंकायचे असतात. पन्नास टक्क्यांचा संघ चारही सामने सोळात एकदा जिंकेल. एकसष्ट-बासष्टवाला सातात एकदा. तीन टक्क्यांनी विजेतेपदाची शक्यता दुपटीहून जास्त होते, आणि हेच गणित उलट फिरले की मुले दोन गुणांनी हरून एसटीने घरी येतात.

हे आमच्या मनाचे नाही. अमेरिकेत या खेळाचे आकडे लोक पोटापाण्यासाठी मोजतात. तिथल्या डीन ऑलिव्हर यांनी जिंकण्याची चार कारणे मांडली: नेमबाजी, चेंडू न गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा फटका). त्यात एकट्या नेमबाजीला ४० टक्के वजन दिले. एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, एका संघाचे सामन्याला ८५ ते ९० फटके होतात. तिथे टक्क्याचा फरक म्हणजे रिबाउंड वजा जाता दीड गुण, आणि सरासरी गुणफरक एकाने वाढला की ८२ सामन्यांत अडीचेक विजय वाढतात, असा तिथला ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे एका टक्क्याला चार विजय. २०१५-१६ च्या हंगामात गोल्डन स्टेट वॉरियर्सने ८२ पैकी ७३ सामने जिंकले. तीनाच्या बास्केटला दीडपट धरून काढलेली त्यांची नेमबाजी ५६.३ टक्के होती, बाकी लीगची सरासरी पन्नासच्या जरा वर. सहा टक्क्यांचे अंतर, आणि तेवढ्यात इतिहास. उलटेही बघा. २०१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर निर्णायक सातवा सामना हरले. तीनाचे ४४ फटके, ७ आत, मध्ये ओळीने २७ बाहेर. हरले किती गुणांनी? नऊ. आणखी तीन पडले असते तर बरोबरी होती.

त्यांची रिंग मापात होती, हे वेगळे सांगायला नको.

रिंगवरच थांबलो तर कंत्राटदारावर अन्याय होईल, त्याने बाकी कामही त्याच तोडीचे केले आहे. नव्या कोर्टवर तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवर आखली आहे. ती २०१० मध्ये ६.७५ झाली. तेव्हाच रिंगखालचा समलंब चौकोन जाऊन आयत आला. आमच्याकडे ताज्या रंगात समलंबच आहे. कुठल्या तरी जुन्या फाइलमधला नकाशा तसाच चिकटवला, दुसरे काय? मुलगी ६.२५ वर वर्षभर घाम गाळते, राज्य स्पर्धेत त्याच सवयीने उभी राहते आणि पाय रेषेच्या आत पडतो. फटका अचूक, गुण दोन. मागे सरकली की अर्धा मीटर जास्त अंतर, त्याला पायांतून जोर जास्त लागतो, तो आणायला खांदा पुढे जातो आणि चेंडूची कमान सपाट होते. कमान सपाट झाली की रिंग लहान होते, वर सांगितलेच आहे. रिंगमागच्या बोर्डवरची चौकट ५९ बाय ४५ सेंटिमीटरची हवी आणि तिच्या खालच्या रेषेची वरची कड रिंगच्या पातळीत हवी. पेंटरने ती अंदाजे काढली आहे, बोर्डच्या मध्यातही नाही. ले-अप (रिंगजवळ धावत जाऊन टाकायचा फटका) टाकताना मुलांनी चौकटीचा कोपरा बघायचा, असे शिकवायचे असते. कुठला कोपरा दाखवायचा?

आता दुरुस्तीचे बोलू, कारण उत्तरात अंदाजपत्रक, तरतूद असे मोठे शब्द आले आहेत. रिंग एकटी उचलून चालत नाही. बोर्डची खालची कड २.९० आणि रिंग ३.०५ हे नाते ठरलेले आहे, म्हणून फ्रेमसकट बोर्ड उचलावा लागतो. खांबाच्या पट्टीला दहा सेंटिमीटर वर नवी भोके पाडायची, बोर्ड वर घेऊन बोल्ट कसायचे, स्प्रिंग वॉशर विसरायचे नाहीत (ते नसले की मुले लोंबकळून महिन्याभरात रिंग पुढे झुकते). मग रिंगच्या वरच्या कडेपासून ओळंबा सोडून समोर, डावीकडे, उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजायचे. तिन्ही आकडे ३.०५ आले की काम झाले. एक वेल्डर, एक मदतनीस, एक घोडी, दोन्ही बाजू मिळून एक दिवस. यासाठी पुढचे अंदाजपत्रक? उद्घाटनाच्या मंडपाच्या एका खांबाच्या भाड्यात हे झाले असते.

आणि चेंडू. संकुलातून अठरा मुलांना चार मिळतात. एक फटका, रिबाउंड, पास, पुन्हा फटका: एका चेंडूला सहा-सात सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला नऊ फटके. चार चेंडूंचे ३६. अठरा जणांत वाटले तर माणशी दोन. अर्ध्या तासात साठ. हाच हिशेब दहा चेंडूंचा केला तर माणशी दीडशे. त्या चारांतले दोन धड उसळत नाहीत. १.८ मीटरवरून सोडलेला चेंडू उसळून त्याची वरची कड साधारण १.३ मीटरवर यायला हवी, इतकी साधी चाचणी आहे. सिमेंटवर टिकणारा रबरी चेंडू हजार रुपयांच्या आसपास येतो. सहा चेंडू आणि एक हवा भरायचा पंप एवढ्यावर सराव अडीचपट होतो. हे पैसे कोण घालतो? प्रशिक्षक घालतात, पालक वर्गणी काढतात. तुमच्या खात्याच्या अहवालात मात्र तो सराव तुमचाच असतो.

फ्री थ्रोचेही तेच. बोर्डपासून ४.६० मीटर, समोर हात वर करणारा कोणी नाही, वर्षानुवर्षे तोच फटका. सामन्यात वीस मिळत असतील आणि ५५ टक्क्यांवरून ६५ वर गेलो तर दोन गुण. आम्ही हरलो किती गुणांनी, ते वर लिहिले आहे.

सर्वांत संताप येतो तो नोंदींवर. स्पर्धेचे अधिकृत स्कोअरशीट फक्त पडलेले बास्केट लिहिते, चुकलेला फटका त्यात कुठेच नसतो. म्हणजे राज्यातल्या १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या सगळ्या स्पर्धा संपल्या तरी कोणाची नेमबाजी किती टक्के, हे सरकारला ठाऊक नसते. निवड चाचणीत मग काय बघतात? उंची आणि गुण. तीस फटक्यांत चोवीस गुण करणारा निवडला जातो, दहा फटक्यांत चौदा करणारा घरी बसतो. पहिला फटक्याला ०.८ आणतो, दुसरा १.४. पहिल्याने संघाच्या निम्म्या संधी खाल्ल्या, हे कोणी लिहूनच ठेवले नाही. एका सामन्यावरून तसे काही कळतही नाही. साठ फटक्यांत पाच-सहा टक्के तर नुसत्या नशिबाने वरखाली होतात. तीन टक्क्यांची सुधारणा खरी की भास, हे ओळखायला हजारभर फटके नोंदवावे लागतात. त्याला संगणक नको. कोर्टचा छापील नकाशा, पेन्सिल आणि प्रत्येक संघामागे एक विद्यार्थी: पडला तिथे गोल, चुकला तिथे फुली. यातूनच हेही दिसेल की लांबून टाकलेले दोनाचे फटके किती महाग पडतात. तीस टक्क्यांनी पडणारा तो फटका ०.६ गुण देतो, पंचावन्न टक्क्यांनी पडणारा ले-अप १.१. सामन्यात असे पाच फटके बदलले तर अडीच गुण वाढतात, आणि कोणाचा हात तसूभरही सुधारावा लागत नाही.

पण मोजायची सवयच या व्यवस्थेला नाही. किती कोटींचे संकुल, किती चौरस फुटांचे, कोणाच्या हस्ते, एवढे मोजले जाते. बांधकामाला पैसा येतो, देखभालीला येत नाही, कारण देखभालीला फीत नसते. निविदेत "बास्केटबॉल पोल, दोन नग" असे असते. तयार जमिनीपासून रिंग किती उंच हवी हे लिहिलेले नसते, आणि बिल काढण्यापूर्वी टेप लावायला कोणी जात नाही. मैदानावर सराव कमी आणि प्रदर्शने, मेळावे, लग्ने जास्त. मांडववाले खुंट्या ठोकून पृष्ठभाग फोडतात आणि त्या भोकांत पाय मुरगळतात आमच्या मुलांचे. एका बाजूला नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, दुसऱ्या बाजूला बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे. खोट्या खेळाडूला तीन टक्क्यांची काळजी नसते, त्याला रिंगची उंची विचारा, सांगता येणार नाही. खरा खेळाडू तेवढ्या तीन टक्क्यांत राज्य स्पर्धेला मुकतो, त्याचे सवलतीचे गुण जातात, प्रमाणपत्र जाते. पुण्याच्या शिरीन लिमये भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, याचा तुम्हांला अभिमान आहे, भाषणांत असतो. पुढची शिरीन कुठल्या तालुक्यात २.९५ च्या रिंगवर हात बिघडवून घेत असेल, याची चौकशी कोणत्या भाषणात आहे? राज्यातल्या सगळ्या संकुलांत टेप फिरवा. निम्म्याहून अधिक रिंगा मापाबाहेर निघतील, ही पैज लावायला तयार आहोत. हरलो तर सहा चेंडू आमच्याकडून.

मागण्या मोजक्याच आहेत. पुढच्या सत्राच्या सरावाआधी दोन्ही बोर्ड उचलून द्यावेत. रेषा ६.७५ वर आणि बोर्डची चौकट मापात आखून घ्यावी. ते होईपर्यंत कंत्राटदाराची अनामत परत करू नये, आणि केली असेल तर कोणाच्या सहीने, ते कळवावे. जिल्हास्तरापासून पुढच्या प्रत्येक सामन्याला चुकलेल्या फटक्यांची नोंद बंधनकारक करावी. "पुढील अंदाजपत्रकात विचार करू" हे उत्तर पुन्हा पाठवू नये, त्याची एक प्रत आमच्याकडे आहे.

दोन्ही रिंगांखाली टेप धरून काढलेली छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आकडा वाचता येईल इतक्या जवळून काढली आहेत.

कळावे,
जिल्ह्यातील बास्केटबॉल प्रशिक्षक व पालक