आजीविषयी काय बोलशील

इंदूर

चि. छोटीस,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

स्मरण-उपासनेत आजीविषयी तू बोलावंस, असं पाळकसाहेबांनी सुचवलं आणि तू काल फोनवर म्हणालीस, "पप्पा, मला तर रिटायर झालेलीच आजी माहीत आहे." म्हणून हे लिहायला बसलो. फोनवर एवढं सगळं माझ्याच्याने बोलवलं नसतं.

आधी एक विनंती. "प्रेमळ, भाविक, कुटुंबवत्सल" असं काही म्हणू नकोस. ते खरंच आहे, पण मंडळीतल्या प्रत्येक आजीच्या स्मरणाला तेच शब्द येतात, आणि त्यात तुझी आजी, माझी आई, कुणाला दिसत नाही. आईला ओळखायचं ते एका गोष्टीवरून: चार माणसं जमली की कोण आलेलं नाही, हे तिला सगळ्यांत आधी दिसायचं.

ती माहेरची नगरची. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरलाच मिस फॅरारबाईंकडे घेतलं, हे सांगताना आईचा चेहरा उजळायचा. लग्न होऊन ती इंदूरला आली. इथे कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन आलं १८७७ मध्ये, आणि दहा वर्षांनी त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं. तुझ्या पणजोबांची नोकरी मिशनमधलीच. आई मात्र सरकारी प्राथमिक शाळेत लागली, आणि तिथे सगळा कारभार हिंदीतून. सुरुवातीला रात्री आमची जेवणं उरकली की ती हिंदीची पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचत बसायची, कारण मुलांसमोर एखाद्या शब्दाचं लिंग चुकलेलं तिला चाललं नसतं.

मी तिच्याच शाळेत होतो, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या वर्गात रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीतला एक मुलगा होता. हजेरीत त्याच्या नावापुढे ओळीने 'अ' पडायला लागले. शाळा सुटल्यावर आई मला घेऊन विचारत विचारत त्याच्या घरी गेली. तो दारातच बसला होता, मांडीवर तान्ही बहीण. आईबाप बांधकामावर मजुरीला जायचे, मग पोरीला सांभाळणार कोण? आईने त्याला रागावलं नाही, शाळेचं महत्त्वही सांगितलं नाही. पोरीला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि म्हणाली, "कल से इसको भी ले आना." दुसऱ्या दिवशी फळ्याखाली दुहेरी घडी घातलेल्या टाटपट्टीवर ती पोर झोपली होती आणि आम्ही सगळे दबक्या आवाजात सातचा पाढा म्हणत होतो. हेडमास्तरांनी दारातून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि काही न बोलता निघून गेले. ती बहीण पुढे आईच्याच हाताखाली पहिलीत बसली. हे उपासनेत नक्की सांग.

चर्चमध्येही तिचं तेच. आपलं व्हाइट चर्च १८५८ चं, रेसिडेन्सीच्या काळातलं. बाहेरचे लोक त्याच्या पांढऱ्या भिंतींचे फोटो काढतात. आईला मात्र त्यातले बाक पाठ होते, कोणतं कुटुंब कुठे बसतं ते. उपासना संपली की सगळे अंगणात बोलत उभे राहायचे आणि ती पायरीवर थांबून एकेकाला विचारायची, "ते आज दिसले नाहीत?" घरी येऊन आम्हाला वाढायची, आणि ऊन उतरलं की डबा घेऊन बाहेर पडायची. कुणी एमवाय हॉस्पिटलात भरती असेल तर तिकडे, नाहीतर त्यांच्या घरी. डब्यात बहुधा मऊ भात आणि वरण. तिथे जाऊन लांबलचक प्रार्थना ती कधी करत नसे. जेवू घालायची, भांडं घासून ठेवायची, एखादं वचन वाचायची आणि निघायची. माझ्या मते प्रभूची सेवा म्हणतात ती हीच.

मग तुझ्या आजोबांना पक्षाघात झाला. तेव्हा ती नुकतीच निवृत्त झाली होती. पेन्शन सुरू झाली, पण घराबाहेर पडणंच बंद झालं. रविवारची उपासना तिला कित्येक महिने मिळाली नाही. त्या काळात मंडळी आपल्या घरी आली. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन यायचे. महिला समाजाच्या बायका बैठकीच्या खोलीत पेटी काढून बसायच्या आणि आजोबांना ऐकू जावं म्हणून मधलं दार उघडं ठेवायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना हिंदीच जवळची, तरी आईसाठी रेव्हरंड टिळकांची मराठी भजनं शिकून घेतली होती. आजोबांचे ओठ हलायचे. त्या बायकांपैकी ज्या आज आहेत त्या उपासनेला येतील. त्यांचे आभार तू मान, माझा कंठ दाटून येईल.

घरातली संध्याकाळची प्रार्थना तुला आठवत असेलच. शिकवणं हिंदीतून, उपासना हिंदीतून, पण देवाशी बोलायची ती मराठीतच. त्यात घरात नसलेल्या प्रत्येकाचं नाव यायचं. तू बी.एड.ला मुंबईला गेलीस तेव्हापासून तुझं नाव सगळ्यांत आधी घ्यायची. शेवटच्या आजारपणातही त्यात खंड पडला नाही. मी शेजारीच बसलेला असायचो, म्हणून मला माहीत.

तुला नोकरी लागल्याचं तिला सांगितलं, तेव्हा तिने पगार विचारला नाही. "पट किती?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, पन्नासच्या वर. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिला सांग, हजेरी मागच्या बाकापासून घे." हा निरोप तुझ्यापर्यंत पोहोचवायचा राहू नये म्हणून इथे लिहितोय. उपासनेत तो सांगायचा की नाही, ते तू ठरव.

बोलायला पाळकसाहेबांनी पाच मिनिटं दिली आहेत, पण वेळ जास्त लागला तर लागू दे, मी त्यांच्याशी बोललोय. बोरिवलीहून अवंतिकाचं तिकीट काढ आणि डबा नंबर कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझे पप्पा