छत्तीस रात्री तुरुंगात, बाकीच्या बाहेर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साने गुरुजींची जयंती (२४ डिसेंबर) किंवा स्मृतिदिन (११ जून) आला की एक वाक्य हमखास छापून येते: ‘श्यामची आई’ त्यांनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून पूर्ण केली. हे अर्धेच खरे. प्रस्तावनेत गुरुजींनी स्वतः हिशेब मांडून ठेवला आहे. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतले, सोमवारी १३ तारखेच्या पहाटे हात थांबला. एकंदर रात्री, म्हणजे पुस्तकातली प्रकरणे, ४५. त्यांतल्या ३६ तुरुंगात झाल्या, ९ सुटकेनंतर लिहिल्या आणि त्या नवांपैकी ३ गाळल्या; म्हणून छापील पुस्तकात ४२. चार दिवसांत ३६, म्हणजे दिवसाला नऊ! हा वेगच इतका अचाट आहे की त्यात आपण पदरचे काही घालायला नको. पुस्तक निघाले १९३५ मध्ये.

तुरुंगांचीही अदलाबदल होते. विनोबांची गीतेवरची १८ प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली ती धुळ्याच्या तुरुंगात, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, दर रविवारी. नाशिक त्यानंतरचे.

घराण्याबद्दल मात्र जास्त जपून लिहायला हवे. ‘गरीब कुटुंबात जन्म’ हे वाक्य घाईचे आहे. पालगडचे (ता. दापोली) हे घराणे खोताचे, आजोबांच्या काळात खाऊनपिऊन सुखी, उतरती कळा लागली ती वडील सदाशिवरावांच्या काळात. पुस्तकातली कर्जाची, अपमानाची धग कळते ती त्यामुळेच: जन्मापासून नसणे वेगळे, असलेले डोळ्यांदेखत जाणे वेगळे. आई यशोदाबाई १९१७ मध्ये गेल्या. गुरुजींना तेव्हा अठरावे चालू होते, शिक्षणासाठी ते लांब होते, अखेरची भेट झाली नाही. म्हणजे तेहतिशीतला माणूस पंधरा वर्षांमागे गेलेल्या आईविषयी लिहितो आहे, तेही आश्रमात प्रार्थनेनंतर सवंगड्यांना आठवणी सांगणाऱ्या श्यामच्या तोंडून. तेव्हा पुस्तकातला प्रसंग उचलून ‘गुरुजींच्या बालपणी असे घडले’ असे बेधडक छापू नये. ‘श्याम सांगतो’ एवढे दोन शब्द पुरतात.

यात सिनेमाने आणखी गुंता केला. ‘छडी लागे छमछम’ आणि ‘भरजरी गं पितांबर’ ही अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटातली गाणी, पुस्तकातली नव्हेत. चित्रपट इतका घरोघरी पोचला की आठवणीत दोन्ही एकजीव झाले. ‘खरा तो एकची धर्म’ आणि ‘बलसागर भारत होवो’ मात्र गुरुजींचीच.

राहता राहिले त्यांचे स्वतःचे कुटुंब. गुरुजी अविवाहित होते. ‘सुंदर पत्रे’ ही पुतणी सुधाला लिहिलेली आहेत, मुलीला नव्हेत. आणि १९२४ ते १९३० या अमळनेरच्या वर्षांना लेखांत जेमतेम एक ओळ मिळते, ती फारच तोकडी. प्रताप हायस्कुलात शिकवायचे, वसतिगृहातल्या मुलांचे सारे बघायचे, वर त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढायचे, रोजच्या रोज. पुढच्या लेखाला जागा कमी पडली, तर जयंतीच्या कार्यक्रमांची यादी कापावी, अमळनेर ठेवावे.

– एक वाचक