पंचवटीत महाराणी जिंद कौरची एक पाटी तरी लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या तुमच्या पेपरात सतत येतायत, घाट, रस्ते, पार्किंग, साधुग्राम, सगळं वाचतोय. त्यात माझी पण एक छोटी मागणी घुसवतो. पंचवटीच्या बाजूला गोदाकाठी एकेकाळी पंजाबच्या महाराणी जिंद कौर यांची समाधी होती. रणजितसिंहांची शेवटची राणी, जिंदां म्हणून ओळखली जाणारी. मी इथलाच, पण मला तरी तिच्या नावाची एकही पाटी कुठे दिसलेली नाही, आणि ज्याला विचारावं तो म्हणतो कुठली राणी, झाशीची का?

आपल्याकडे कोहिनूर परत आणा म्हणून दर वर्षी कोणीतरी ओरडतंच. ठीक आहे. पण ज्या पोराकडून, म्हणजे दुलीपसिंहाकडून, इंग्रजांनी तो हिरा काढून घेतला त्याच्या आईच्या, याच जिंद कौरच्या, अस्थी आपल्या गावात आल्या होत्या हे कुणाच्या गावी नाही.

ही बाई काही राजघराण्यातली नव्हती. बाप मन्नासिंह औलख, दरबारातल्या शिकारी कुत्र्यांची व्यवस्था बघणारा. रणजितसिंह 1839 मध्ये गेले तेव्हा तिचा दुलीपसिंह वर्षाचाही नव्हता. मग लाहोरात जी खुनाखुनी सुरू झाली ती बघता बघता 1843 मध्ये हा पाच वर्षांचा मुलगा गादीवर आणि पुढे त्याच्या नावाने कारभार आईच्या हातात. कारभार म्हणायचा खरा, पण वर खालसा फौजेच्या, म्हणजे शीख सैन्याच्या, शिपायांच्या पंचायती बसलेल्या, पगार वाढवा नाहीतर बघून घेतो असा सगळा मामला. तिचा सख्खा भाऊ जवाहरसिंह वजीर होता, सप्टेंबर 1845 मध्ये फौजेने त्याला छावणीवर बोलावलं, तो हत्तीवरून आला, सोबत छोटा दुलीप. सैनिकांनी आधी पोराला खाली उतरवून घेतलं आणि मग मामाला तिथेच संपवलं, बहिणीच्या डोळ्यांदेखत. आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत इंग्रजांशी युद्ध!

आता त्या युद्धात तिनेच मुद्दाम फौजेला मरायला पाठवलं, असं बरेच जण लिहितात. मला ते पूर्ण पटत नाही. ती काही देवी नव्हती, भावाच्या खुन्यांबद्दल प्रेम असणं शक्यच नाही, पण फौजेचे सेनापती लालसिंह आणि तेजसिंह आतून इंग्रजांना मिळालेले होते, मुदकी, फिरोजशहा, सोबराव, सगळीकडे शिपाई लढले आणि वरचे लोक पळाले. त्याचं खापर बाईच्या डोक्यावर फोडणं सोपं, दुसरं काय. वर इंग्रजांनी तिच्या चारित्र्याबद्दल वाट्टेल ते छापलं, आणि तेच आपण अजून कॉपी-पेस्ट करतो.

हरल्यावर मार्च 1846 चा लाहोरचा तह आणि डिसेंबरात भैरोवालचा, त्यात तिचा अधिकारच काढून घेतला, वर्षाला दीड लाख पेन्शन घ्या आणि गप्प बसा. पण बाई गप्प बसणारी नव्हती. ऑगस्ट 1847 मध्ये त्याच तेजसिंहाला सियालकोटचा राजा करायचा दरबार भरला, टिळा लावायचा होता दुलीपसिंहाने. पोरगं नऊ वर्षांचंही नाही, हात मागे घेऊन बसलं, लावणारच नाही म्हणालं. भर दरबारात रेसिडेंटची, म्हणजे इंग्रजांच्या लाहोरातल्या प्रतिनिधीची, शोभा झाली आणि लगेच ठरलं की हे आईचंच शिकवणं. मग काय, तिला आधी लाहोरच्या किल्ल्यातच कोंडलं, नंतर शेखुपुऱ्याला, पेन्शन 48 हजारांवर, आणि पोरगं लाहोरातच ठेवलं. मला विचाराल तर तिची खरी शिक्षा हीच, बाकी राज्य वगैरे नंतर.

1848 मध्ये बनारस, मग चुनारचा किल्ला, दागिने जप्त. एप्रिल 1849 मध्ये मोलकरणीच्या वेशात ती चुनारमधून निसटली आणि चिठ्ठी ठेवून गेली की बसा आता तुमची कुलपं सांभाळत, असा साधारण आशय. काठमांडूला पोचली, जंगबहादूर राणाने आसरा दिला पण पहारा होताच. (1857 नंतर नानासाहेब पेशव्यांच्या घरातल्या स्त्रिया आणि अवधची बेगम हजरत महल याही तिथेच आसऱ्याला गेल्या, म्हणजे आपला आणि तिचा धागा तिथेही आहे.) तोवर इंग्रजांनी पंजाब आपल्या राज्यात सामील करून घेतला होता, मुलगा पुढे ख्रिश्चन झाला आणि इंग्लंडला गेला.

जानेवारी 1861 मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात मायलेक भेटले, तेरा वर्षांवर काळ गेलेला. तिला जवळजवळ दिसत नव्हतं. हाताने चाचपून बघितलं तेव्हा मुलाचे केस कापलेले हाताला लागले असं सांगतात. त्याच सुमारास चीनच्या युद्धावरून परतलेल्या शीख पलटणी कलकत्त्यात होत्या, त्यांना कळलं तसे ते घोषणा देत हॉटेलसमोर जमले, आणि सरकारने घाबरून मायलेकांना विलायतेला पाठवून दिलं. एक आजारी, आंधळी होत चाललेली बाई, आणि तिची एवढी भीती!

1 ऑगस्ट 1863 ला ती लंडनमध्ये वारली. तिकडे तेव्हा दहनाला परवानगी नव्हती, म्हणून देह केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत ठेवला आणि 1864 मध्ये दुलीपसिंह तो मुंबईला घेऊन आला. आईची इच्छा लाहोरची, पण पंजाबात पाऊल टाकायला सरकारने मनाई केली. म्हणून मग गोदावरी, म्हणून आपलं नाशिक. इथल्या समाधीची देखभाल पंजाबातलं कपूरथळा संस्थान करायचं, 1924 मध्ये नात बांबा, म्हणजे दुलीपसिंहाची मुलगी, हिने तिच्या अस्थी लाहोरला रणजितसिंहांच्या समाधीजवळ हलवल्या.

म्हणजे 60 वर्षं ती इथे होती. ज्या लंडनमध्ये ती परकी होती तिथे केन्सल ग्रीनला 2009 मध्ये तिचं स्मारक उभं राहिलं, आणि आपल्याकडे काय? पुतळा नको, चौकाचं नाव नको, त्यावरून भांडणं नकोत. जुने नकाशे आणि कपूरथळ्याची कागदपत्रं तपासून जागा नक्की करावी आणि तिथे एक साधी पाटी लावावी, मराठी आणि गुरुमुखीत. नांदेडला हुजूर साहिबला लाखो लोक जातात, नदी तीच आहे, त्यातले काही इकडेही वळतील. आणि पाटीवर नुसतं 'दुलीपसिंहांची आई' असं लिहू नये, युद्धाच्या काळात पंजाबचा कारभार हिने चालवला हे स्पष्ट लिहावं.

वाचकांपैकी कुणाच्या घरी पंचवटीच्या घाटाचे 1924 च्या आधीचे फोटो असतील तर तुमच्या पेपरकडे पाठवावेत, तुम्ही छापाल अशी आशा आहे.

आपला,
एक पंचवटीकर वाचक, नाशिक