न समजलेले विचारण्याविषयी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला बॉस्टनला जाऊन दोन महिने झाले. फोनवर "सगळं समजतंय ना?" असे विचारले की तू लगेच "हो बाबा" म्हणतोस. हा 'हो' माझ्या ओळखीचा आहे. सहावीत अपूर्णांकांचा भागाकार अडला, तेव्हाही तू वर्गात मान डोलवायचास आणि रात्री वही मिटून आईच्या कुशीत रडायचास.

आता तुझ्या शहराचाच भाग असलेल्या चार्ल्सटाउनमध्ये थॉमस शेपर्ड नावाचे धर्मोपदेशक होते. १६७२च्या सुमारास त्यांचा मुलगा हार्वर्डमध्ये दाखल झाला, तेव्हा त्यांनी त्याला एक लांबलचक पत्र लिहिले. मुलाचे नावही थॉमसच. त्याने पुढे धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा असल्याने पत्रात ईश्वरचिंतन पुष्कळ आहे. पण अभ्यासाला भूक घेऊन बस, एका पुस्तकाचा कंटाळा आला तर दुसरे हाती घे, फार वेळ पानात डोळे खुपसून शरीर शिणवू नकोस, असेही ते सांगतात.

मला मात्र एकाच जागी थांबावेसे वाटले. एखादी गोष्ट कळली नाही तर ती तशीच सोडून पुढे जाण्यापेक्षा आपले अज्ञान कबूल करून शिक्षकाला विचार, असे सांगून ते लॅटिनमध्ये लिहितात की, तू विद्वान म्हणवला जाण्यापेक्षा विद्वान असावास, हेच मला अधिक प्रिय आहे.

हे लिहिणारा बाप स्वतः १६३५ साली तान्हा असताना आईवडिलांबरोबर इंग्लंडहून जहाजाने आला होता. पुढच्याच वर्षी आई गेली, चौदाव्या वर्षी वडील गेले. त्या वडिलांनीही आपले आत्मचरित्र या मुलाला उद्देशूनच लिहून ठेवले होते. पोरक्या मुलाला विचारायला हक्काचे माणूस नसले की काय होते, हे त्यांनी सोसले असणार, म्हणूनच त्या ओळीत इतकी कळकळ आहे, असे मला वाटते. मुलगा १६७६ साली पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात देवीच्या साथीत हे वडील वारले. १६८० मध्ये मुलगा त्यांच्याच जागी उपदेशक झाला.

या आठवड्यात जे अडले असेल, ते घेऊन तू तुझ्या प्राध्यापकांच्या खोलीत जा. काय विचारलेस, ते मला सविस्तर कळव. तुझा विषय मला समजत नाही, तेव्हा मीही तुला विचारीन.

तुझा,
बाबा