‘बिचारा’ संस्कृतातून गेला, पण नांदतो मलयच्या घरी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील इंडोनेशियावरच्या लेखात ‘तिथली भाषा म्हणजे निम्मी संस्कृतच’ असे विधान आहे. मुलगी-जावई सुराबायाला असल्यामुळे माझे तिथे जाणे-येणे असते. नातीच्या शाळेच्या पुस्तकांतून मीही थोडीफार भाषा शिकलो. त्या भरवशावर सांगतो, हे विधान टिकणारे नाही.

रोजच्या वापरातले ‘बिचारा’ हे क्रियापद घ्या. अर्थ ‘बोलणे’. (आपला गरीब ‘बिचारा’ फारसी, त्याचा इथे संबंध नाही.) हा आपलाच ‘विचार’, ‘व’चा ‘ब’ झालेला. १९७२च्या लेखनसुधारणेपूर्वी त्यातला ‘च’ रोमन लिपीत डच वळणाने दोन अक्षरांत लिहीत. मूळ आपले, इथवर लेखकाशी माझे भांडण नाही.

पण पुढे पाहा. ‘बर्बिचारा’ म्हणजे बोलत असणे, ‘मम्बिचाराकान’ म्हणजे एखाद्या विषयावर चर्चा करणे, तीच चर्चा झाली ‘पम्बिचाराआन’, तर व्याख्यानाला बोलावलेला वक्ता ‘पम्बिचारा’. सरकारचा प्रवक्ता ‘जुरु बिचारा’. यातला एकही प्रत्यय संस्कृत नाही, सगळे मलय घराण्याचे (इंडोनेशियाची भाषा हे मलयचेच एक रूप). शब्द आपला गेला खरा, पण त्याला चालवले त्यांच्या व्याकरणाने. शिवाय ‘व’ राखलेले ‘विचारा’ हे रूपही आहेच. वाचा-उपचाराला तिथे ‘तेरापी विचारा’ म्हणतात.

माझी नोकरी कोर्टात गेली, म्हणून मला शेजारच्या मलेशियातला अर्थ अधिक भावला. तिथे ‘पर्बिचाराआन’ म्हणजे खटल्याची सुनावणी आणि ‘बुदी बिचारा’ म्हणजे न्यायालयाचा विवेकाधिकार. बुद्धी आणि विचार! बंगालीतही न्यायाधीश ‘विचारपती’च. जुन्या मलयमध्ये या शब्दाचा अर्थ खल करणे, विचारविनिमय असाच होता. निव्वळ बोलण्यावर तो इंडोनेशियात येऊन स्थिरावला. आपण मराठीत त्याच शब्दापासून ‘विचारणे’ केले आणि प्रश्नाकडे वळलो.

अशा लेखांत नामांच्या याद्याच फार असतात. ‘भाषा’चे ‘बाहासा’, ‘मंत्री’चे ‘मन्तरी’, झाला अभिमान! त्याच भाषेने अरबी, पोर्तुगीज आणि डच शब्दही मोकळ्या हाताने घेतले आहेत, ते यादीत का नसावेत? पुढच्या लेखात प्रत्ययांना निदान दोन परिच्छेद द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कोर्ट कर्मचारी, सातारा